चक नाचतो, आणि अंगण खरंच वाकडं आहे

काका, नमस्कार.

देवगडपासून थोडं आत आमचं घर. मागच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, मी एक जुना छोटा लेथ (जॉब म्हणजे कामाचा तुकडा फिरवून कापायचं मशिन) लावलाय. त्याच्या फिरत्या दांड्याला, स्पिंडलला, आटे आहेत, जॉब पकडणारा चक त्या आट्यांवर चढतो. पाण्याच्या पंपांची आणि होड्यांच्या इंजिनांची बारीकसारीक कामं करतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा बुश आणि पिनांची कामं रांगेनं येतात. जुना चक पार झिजला म्हणून नवा १२५ मिमीचा तीन जॉचा, म्हणजे तीन जबड्यांचा, चक घेतला. चक आणि स्पिंडलच्या मध्ये बसणारी, आटे पाडलेली बिडाची बॅकप्लेट मिळाली. तिचं तोंड आणि रजिस्टर (चकच्या पाठीतल्या खळग्यात बसणारा गोल उंचवटा) एका वर्कशॉपमधून मोठ्या लेथवर टर्न करून आणलं. चक तिच्यावर इतका टिचून बसला की लाकडी हातोडीनं ठोकावा लागला. तरी जॉब नाचतो. जॉच्या तोंडापाशी डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) ०.१८ मिमी दाखवतो, तिथून १०० मिमी पुढे ०.४५. एका बोल्टजवळ कागदाची पट्टी घालून पाहिली, थोडा फरक पडला. मेहुणा म्हणतो, जॉ ग्राइंड करून घे. चक खराब आलाय का? परत करू?

– एक वाचक, देवगड

बाबा रे,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू ओझरतं लिहून पुढे गेलास. ते ०.४५ वालं नव्हे. ‘मोठ्या लेथवर टर्न करून आणलं’ हे. त्याच्याकडे येतोच, पण आधी तुझं कौतुक करतो. तू डायल दोन ठिकाणी लावलास. बहुतेक जण जॉच्या तोंडाशी एकदा लावतात, काटा हललेला बघतात आणि दुकानदाराला फोन करतात. एका ठिकाणच्या रीडिंगनं फक्त जॉब नाचतो एवढं कळतं, आणि ते तर डोळ्यांनाही दिसत होतं. दोन ठिकाणच्या रीडिंगनं तो का नाचतो ते कळतं.

बघ कसं. चक नुसता बाजूला सरकलेला असता, म्हणजे मध्य चुकलेला पण सरळ, तर जॉपाशी ०.१८ आणि १०० मिमी पुढेही ०.१८च आलं असतं. तुझं पुढे जाता जाता वाढतंय, म्हणजे चक तिरका बसलाय. वाढ ०.२७. डायल नेहमी दुप्पट दाखवतो, कारण एका बाजूला जेवढा जॉब वर येतो तेवढाच दुसऱ्या बाजूला खाली जातो. म्हणून अक्षाचा खरा कल १०० मिमीला ०.१३५. हाच कल १२५ मिमीच्या तोंडावर पसरवला तर साधारण ०.१७ मिमी होतात. थोडक्यात, बॅकप्लेट स्पिंडलवर असताना तिच्या तोंडाच्या काठाला डायल लावलास तर तो ०.१७च्या आसपास फिरताना दिसेल असा माझा होरा आहे. एक अट आहे: दोन्ही ठिकाणी जॉब सर्वात वर येतो ती बाजू खडूनं खूण करून बघ. खुणा एकाच रेषेत असतील तर माझी वजाबाकी बरोबर. वेगळ्या दिशांना असतील तर सरकणं एकीकडे आणि कलणं दुसरीकडे आहे, आणि मग आकडा थोडा बदलेल. रोग तोच.

आपल्याकडे म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडे. इथे नाचणाऱ्याची बाजू घ्यावी लागेल. तुझा चक चांगला असण्याचीच शक्यता जास्त. अंगण वाकडं आहे.

आता ती बॅकप्लेट. ज्यानं टर्न करून दिली त्याच्या लेथवर तुझ्या स्पिंडलचे आटे नव्हते. त्यानं ती दुसऱ्या चकमध्ये बाहेरून पकडली असेल, नाहीतर मँड्रेलवर, म्हणजे भोकातून घालायच्या दांड्यावर, चढवली असेल. त्याच्या लेथच्या अक्षाला ती शंभर टक्के सरळ असणार. पण तुझ्या स्पिंडलवर चढल्यावर तिचा मालक बदलतो. शेजाऱ्याच्या विहिरीला मोजून आणलेला दोर आपल्या विहिरीत पुरेलच असं नाही. बॅकप्लेटचं तोंड आणि रजिस्टर यांचा शेवटचा कट ज्या स्पिंडलवर ती राहणार त्याच स्पिंडलवर घ्यायचा असतो. लेथ लहान असो, जुना असो, त्याचा मोटर पट्टा करकरत असो. तो स्वतःच्या अक्षाभोवतीच फिरतो, आणि तेवढंच हवंय.

यामागचं कारण नीट समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात येईल. आट्यांच्या स्पिंडलवर आटे फक्त ओढायचं काम करतात. सरळ बसवायचं काम आट्यांच्या मागची कॉलर करते, तिच्या सपाट तोंडावर प्लेटची पाठ टेकते म्हणून. मध्यावर आणायचं काम कॉलरच्या लगतचा बिनआट्याचा गोल भाग करतो. पुष्कळांना वाटतं आटे घट्ट तर बसणं पक्कं. उलट आहे. आटे घट्ट असले की प्लेट आट्यांच्या मर्जीनं बसू पाहते आणि कॉलर तिला आपल्याकडे ओढते. एका म्यानात दोन तलवारी. प्लेट हातानं फिरवली की किंचित खडखडत, सैलसर चढली पाहिजे आणि कॉलरला टेकली की एकदम थांबली पाहिजे. शेवटचे दोन फेरे पान्यानं ओढावे लागत असतील तर प्लेट टेकायच्या आधी कुठेतरी अडतेय. बहुधा आतल्या तोंडाशी. तिथले पहिले दीड-दोन आटे बोअर करून काढून टाकलेले असावे लागतात, कारण स्पिंडलवर कॉलरजवळ आटे पूर्ण खोलीचे नसतात.

कामाला लागण्याआधी वीज जाण्याची वाट बघ. थट्टा नाही. डायल लावून स्पिंडल फिरवायचा तो हातानंच, मोटरचा प्लग काढून. वीज गेलेली दुपार त्याला सगळ्यात चांगली. मीही तेच करतो. एरवी कोणीतरी येतं, लाइट लावतं, हात लावतं.

मोजायला सुरुवात आतून करायची. सगळं उतरव. नुसता स्पिंडल ठेव. रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन आटे धू. मग बारीक टोकाची तार वाकवून प्रत्येक आट्याच्या तळातून फिरव. काय निघेल बघ: बिडाचा काळा चुरा, वाळलेलं ग्रीस, आणि आपल्याकडे त्यात जांभ्याची तांबडी धूळ. मांगराच्या भिंती चिऱ्याच्या असतात, गिलावा नसतो, वारा आला की धूळ उडते, आणि तेलाचं बोट लागलेलं काहीही तिला आवडतं. यातला ०.०५ मिमीचा एक कण कॉलरवर राहिला तर काय होतं याचा हिशेब कर. कॉलर समज ५० मिमी व्यासाची. एका बाजूला ०.०५ उचललं, तर १०० मिमी पुढे अक्ष ०.१० सरकला, आणि डायलवर ०.२०. एका कणाला! डोळ्याला तो दिसतही नाही. बोटाच्या पेराला लागतो, म्हणून पुसून झाल्यावर कॉलरवरून बोट फिरवायचं. कुठे उंचवटा लागला, ठोक्याचा फुगवटा लागला, तर ऑइल स्टोन सपाट धरून हलकेच फिरव. कानस लावायची नाही. एकदाही नाही.

मग डायल कॉलरच्या तोंडाला, नंतर त्या गोल भागाला. दोन्हीकडे काटा ०.०१च्या आत राहिला तर देव पावला. ०.०२पर्यंत घरच्या लेथला मी काही बोलणार नाही. त्याहून जास्त असेल तर स्पिंडलमध्ये लाकडी दांडा घालून वर-खाली दाबून बघ. काटा दाबल्यावर हलतो आणि सोडल्यावर परत येत नाही म्हणजे बेअरिंग ढिलं. ते आधी. ढिल्या बेअरिंगवर चक बसवणं म्हणजे डुलणाऱ्या होडीत उभं राहून रंग देणं. (तुझा लेथ लेव्हलला नसेल, बेड पिळलेला असेल, तर जॉब निमुळता होतो, नाचत नाही. ती दुखणी वेगळी. एका वेळी एकच धर.)

आता बॅकप्लेट. तिची पाठ, जी कॉलरला टेकते, तिला ब्लू, म्हणजे टेकलेली जागा दाखवणारा निळा रंग, लाव. अगदी पातळ, बोटानं पसरून पुसून टाकल्यासारखा. चढव, टेकव, उतरव. कॉलरवर निळा रंग गोल भर उमटला पाहिजे. अर्धचंद्रच उमटला तर पाठ आट्यांशी काटकोनात नाही. हे तुझ्या बाबतीत मला सर्वात संशयास्पद वाटतं, कारण त्या कारागिरानं पुढचं तोंड केलं, पण पाठ तशीच कारखान्यातून आली तशी राहिली असेल. पाठ दुरुस्त करायची तर ती प्लेट उलटी करून चढवता आली तर चढवायची, तोंडाच्या बाजूनंही आटे आरपार असतील तर जमतं, आणि एक हलका कट. आरपार नसतील तर ब्लू बघत बघत स्क्रॅपरनं उंच ठिकाण खरवडावं. वेळ लागतो. पण बिडाला स्क्रॅपर छान लागतो, आणि एकदा केलं की जन्माचं होतं.

पाठ टेकली, की एक छोटी परीक्षा. प्लेटच्या तोंडाला डायल लाव, रीडिंग घे, प्लेट उतरव, पुन्हा चढव, पुन्हा घे. पाच वेळा. आकडा किती हे महत्त्वाचं नाही, पाचही वेळा तोच यावा आणि खडूची खूणही त्याच जागी यावी हे महत्त्वाचं. ०.१७ पाच वेळा आलं तर मी खूश आहे, ते कटनं जाईल. ०.०५, ०.१४, ०.०३ असं येत असेल तर टूलला हातही लावू नकोस, पुन्हा कॉलरकडे जा. जे दर वेळी वेगळं बसतं ते टर्न करून सरळ होत नाही.

कट घेताना बीड आहे हे लक्षात ठेव. कोरडंच कापायचं, तेल-पाणी काही नाही. हायस्पीड स्टीलचं टूल असेल तर १२५ मिमी व्यासावर मिनिटाला ५०च्या आसपास फेरे, कार्बाइडची टिप असेल तर १५०पर्यंत जा. तुझा लेथ ५०ला येत नसेल तर टिप टूलच घे. बेडवर वर्तमानपत्र पसर, कारण बिडाची काळी पूड तेलात कालवली की ती पॉलिश पेस्ट होते, आणि पॉलिश बेडला होतं. काम झाल्यावर तेलकट फडक्यानं पुसायच्या आधी ती कोरडीच उचल. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवला की भराभर येते, मग पिशवी उलटी केली की झालं.

आधी तोंड. रजिस्टरच्या बाहेरची जी १५ मिमी रुंद पट्टी आहे, तीवर चक टेकतो. ती एका हलक्या कटनं पूर्ण चकचकीत झाली की थांब. काठाला उंच आणि आत किंचित खोल अशी झाली तर चालेल, चक काठावर टेकेल, रुंद पायावर. उलटी झाली, आत उंच आणि काठाला पडती, तर चक डुलेल आणि तू बोल्ट कसशील तसा वेगवेगळ्या बाजूला कलेल. कंपाऊंड आणि सॅडल, म्हणजे टूल सरकवणारे बाकीचे दोन भाग, घट्ट करून आडव्या क्रॉस स्लाइडनं फीड दे. आणि रजिस्टर जिथे तोंडाला मिळतं त्या कोपऱ्यात टूलच्या टोकानं एक बारीक खाच घाल, नाहीतर कोपऱ्यातली गोलाई चकच्या काठाला अडेल.

रजिस्टरची उंचीही माप. चकच्या पाठीतल्या खळग्याच्या खोलीपेक्षा ती कमी हवी, अर्ध्या मिलिमीटरनं कमी असली तरी हरकत नाही. रजिस्टर खळग्याच्या तळाला टेकलं की चक काठावर टेकतच नाही. तू ठोकून बसवलास म्हणतोस, म्हणून सांगतो: ठोकून बसवलेला चक पूर्ण बसलाय की नाही हे तुला कळलं कसं? काठाला फीलर गेजची ०.०३ची पात सगळीकडून घालून बघ. एका बाजूला आत शिरली तर तुझा निम्मा आजार तिथेच आहे. कागदाच्या पट्टीनं फरक पडला तो याचमुळेही असू शकेल.

आणि आता ज्यावर कारागिरांत भांडणं होतात ते. रजिस्टर किती घट्ट असावं?

मी शिकाऊ होतो तेव्हा आमचे फोरमन रजिस्टर इतकं नेमकं काढायला लावायचे की चक हाताच्या दाबानं, हवेचा फुसकारा सोडत बसला पाहिजे. शंभरावा, म्हणजे ०.०१ मिमी, सैल झाला की प्लेट भंगारात आणि आपण कॅन्टीनच्या बाहेर. एकदा माझी तीन मिलिमीटर जाड राहिलेली प्लेट भंगारात गेली तेव्हा शेजारचा मालवणी फिटर म्हणाला, “चक वाकडो नाय रे, तू घाबरतंस म्हणान वाकडो होता.” मी ती शिस्त वीस वर्षं पाळली. मग स्वतःच्या घरच्या लेथला पाळणं सोडून दिलं, आणि का ते सांगतो.

रजिस्टर नेमकं असलं की चकचं शरीर स्पिंडलच्या मध्यावर येतं. जॉ येतीलच असं नाही. तीन जॉच्या चकात जॉ एका सर्पिल चकतीवर, स्क्रोलवर, चालतात. त्या चकतीचा आणि जॉच्या खाचांचा स्वतःचा खोट असतो. साध्या, बरी किंमत घेऊन मिळणाऱ्या नव्या चकात ०.०५ ते ०.०८ एवढं डायलवर येणं ही तक्रार नाही, तो त्याचा स्वभाव आहे. म्हणजे रजिस्टर शंभराव्यापर्यंत नेमकं काढून आपण काय मिळवलं? चकच्या शरीराला मान, जॉब तसाच नाचतो. त्यापेक्षा रजिस्टर मुद्दाम सैल ठेवायचं, बोल्टांना भोकात जागा ठेवायची, आणि जॉमध्ये पकडलेल्या टेस्ट बारकडे, म्हणजे अचूक गोल दांड्याकडे, बघत चक ठोकून मध्यावर आणायचा. मग जॉचा खोटही त्यात निघून जातो.

तुझ्यासाठी तर दुसरा मार्गही नाही. तुझं रजिस्टर ९५ला टिचून आहे. १२५च्या चकांत बहुधा ९५च असतं. लहान चकांत मात्र फसगत होते, १००च्या चकाचं काहींचं ७० आणि काहींचं ७२, म्हणून चक बदलताना जुनी प्लेट चालेल हे गृहीत धरू नये. तर तुझं ९५ तुझ्या स्पिंडलवर वाकडं फिरतं. ते सरळ केलंस की लहान होणारच, आणि पुन्हा टिच्चून बसणार नाही. बिघडलं असं वाटून घेऊ नकोस. सरळ ९४.५ कर. दोन्ही बाजूंना पाव मिलिमीटर जागा मिळेल. बोल्ट ८ मिमीचे असतील, तर प्लेटमधली भोकं ९ची कर.

या पद्धतीचं एक वैगुण्य मी लपवत नाही. चक आता मध्यावर फक्त बोल्टांच्या आवळणीनं राहतो, रजिस्टरचा आधार नाही. जोरदार, खाचांवरून ठोके बसणारा कट घेतलास किंवा टूल जॉवर आदळलं तर तो सरकू शकतो. मोठ्या लेथवर, दिवसभर दणादण काम असेल तिथे मी फोरमनच्या बाजूनं. मांगरातल्या लेथवर, पितळी बुशांसाठी, मी माझ्या बाजूनं. आदळलंच तर पुन्हा डायल लावायचा, पंधरा मिनिटांचं काम.

टेस्ट बार कुठून आणायचा हा पुढचा प्रश्न तू विचारशीलच. लोखंडाच्या दुकानातला चकचकीत ब्राइट बार घेऊ नकोस, तो गोल असतो असं फक्त दिसतं. तुझ्या धंद्यात उत्तम गोष्ट आहे: डिझेल इंजिनाची न झिजलेली पिस्टन पिन. ग्राइंड केलेली, कडक, गोल. लांबीला तोकडी पडते, म्हणून दूरच्या रीडिंगसाठी जुन्या शॉक अॅब्सॉर्बरचा न वाकलेला रॉड. बिघडलेल्या प्रिंटरमधला रॉडही छान असतो, पण तो बारीक, चकला आवडेल एवढ्या व्यासाचा नव्हे. पिन २५ मिमीच्या आसपास असेल तर तीच घे, तुझ्या बुशांचा व्यासही तेवढाच असणार.

चकच्या पाठीवर आटे पाडलेल्या भोकांच्या कडांना बर, म्हणजे धातूची धारदार कड, उभा राहिलेला असतो, तो स्टोननं काढ. मग चक लाव, बोल्ट एवढेच आवळ की चक लोंबणार नाही पण ठोक्यानं सरकेल. पिन जॉमध्ये पकड. चावीसाठी चकला तीन भोकं असतात, त्यातल्या एकावर खूण असेल, नसेल तर तू कर, आणि कायम त्याच भोकातून आवळ. जॉवर १, २, ३ कोरलेलं असतं आणि चकच्या खाचांवरही. ते जुळतंय ना? हसू नकोस. दोन आणि तीन उलटे घातलेले चक मी पाहिलेत. तेव्हा तर नाच मिलिमीटरांत येतो.

डायल जॉच्या जवळ, हातानं फिरव, सर्वात वरची बाजू शोध. समज डायल ०.१२ फिरतोय. तुला चक ०.०६ सरकवायचाय, ०.१२ नव्हे. इथे सगळे घाई करतात, काटा शून्यावर येईपर्यंत ठोकतात, आणि पलीकडे निघून जातात. वरच्या बाजूला तांब्याच्या किंवा कडक प्लॅस्टिकच्या हातोडीनं चकच्या शरीरावर टक् कर, जॉवर नाही. काटा अर्धा खाली आला की थांब, फिरवून बघ. ०.०२च्या आत आलं की बोल्ट एकेक पाव फेरा, आलटून पालटून आवळ. पूर्ण आवळल्यावर परत बघ, बऱ्याचदा शेवटच्या आवळणीत शंभरावा-दोन शंभरावे सरकतो. मग १०० मिमी पुढे डायल लाव. तोंड नीट केलं असशील तर तिथे ०.०४-०.०५च्या वर जायला नको. चकच्या बाहेरच्या गोलाईला डायल लावून मन खट्टू करून घेऊ नकोस. ती नाचत असेल, नाचू दे. आपण पिनेचं ऐकलंय.

एक निराशा मात्र आधीच सांगून ठेवतो. २५ मिमीला तू शून्यावर आणलास, म्हणून १० मिमीला किंवा ६० मिमीला शून्य येणार नाही. स्क्रोलचा खोट व्यासागणिक बदलतो. म्हणून जॉबचा बाहेरचा व्यास आणि आतलं भोक, दोन्ही एकाच पकडीत काढायचं आणि शेवटी कापून वेगळं करायचं. असा बुश कुठल्याही चकात एककेंद्री निघतो, तुझ्या जुन्या झिजलेल्या चकातसुद्धा निघाला असता. तयार पिन पुन्हा पकडून तिच्यावर काम करायचं असेल तर चार जॉचा चक घे, स्वतंत्र जॉचा. तो आळशी माणसाचा नव्हे, पण तो खोटं बोलत नाही.

मेहुण्याला सांग, जॉ ग्राइंड करणं हे झिजलेल्या, तोंडाशी फाकलेल्या जॉसाठी आहे. नव्या चकचे जॉ बॅकप्लेटच्या चुकीसाठी घासलेस तर प्लेटचा तिरकेपणा जॉमध्ये कोरून ठेवशील. आज जॉब सरळ फिरेल. पुढे कधी चक प्लेटवरून काढून दुसऱ्या भोकांत बसवलास की जवळजवळ दुप्पट नाचेल. शिवाय ग्राइंडिंगची कुरुंदाची पूड बेडवर आणि स्क्रोलमध्ये. जॉ खरंच फाकलेत का हे बघायचं तर पिनेच्या आणि जॉच्या मध्ये, आत एक आणि तोंडाशी एक, विडीच्या कागदाची पट्टी घालून आवळ आणि ओढून बघ. तोंडाशी सहज निघाली आणि आतली अडकली तर फाकलेत. तेव्हा चक परत कर, नवा आहे ना. कागदाची पट्टी चकच्या मागे ठेवायची नाही, कागद तेल पितो, दबतो, आठवड्यानं आकडा बदलतो. एखाद्या जॉबपुरती एका जॉखाली पितळी पातळ पत्र्याची पट्टी घालणं वेगळं, ते मीही करतो.

चढवताना-उतरवताना बेडवर जेवायचा जुना पाट ठेव. चक ओलसर हातातून निसटतो, बेडला पडलेली खाच कायमची. चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही, स्प्रिंग असली तरी नाही. आट्यांवरचा चक उलटा फिरवायचा नाही, तो सुटून येतो. अडकलेला चक काढायला बॅकगिअर अडकवून झटका द्यायचा नाही, दात तुटतात. जॉमध्ये षट्कोनी बार पकड, लांब पाना लाव, आणि स्पिंडल पट्ट्यानं धर.

पावसाळ्याआधी हे सगळं एकदा उतरवून पुसून घे. आपल्याकडे खारं वारं बंद खिडकीतूनही येतं, आणि मिठावरून तेल फिरवलं की मीठ तेलाखाली सुरक्षित राहतं. म्हणून आधी किंचित ओल्या, पिळलेल्या फडक्यानं पूस, लगेच कोरडं कर, मग तेल. खोबरेल नको. ते थंडीत गोठतं आणि जुनं झालं की चिकटतं. डोक्याला ठीक आहे. कॉलर आणि आट्यांवर मशिनचं तेल, लेथवर ताडपत्रीऐवजी सुती चादर, आणि चादरीखाली जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब मिळाला तर तो. ऊब राहिली की दव धरत नाही. बल्ब चादरीला टेकणार नाही एवढं बघ.

आणि त्या वर्कशॉपवाल्याशी भांडायला जाऊ नकोस. तू ९५ सांगितलंस, त्यानं ९५ दिलं, आणि बरंच नेमकं दिलं. शिवाय ती भोकं ९ची करायला तुला त्याच्याच पिलर ड्रिलवर जावं लागणार आहे.